लेकीची साखर माझ्या फोनात

माझ्या लेकीच्या अंगात साखर किती आहे, हे गेल्या उन्हाळ्यात चौदा दिवस मला भाकऱ्या थापता थापता कळत होतं. ती शेलूला, चौथ्या मजल्यावर. मी कळंबला, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत पिठात. मधे एवढा रस्ता, आणि तिने सकाळी पोहे खाल्ले की घावन, हे मला तिच्या सासूच्या आधी कळायचं. ते दिवस आठवले की अजून मला एकटीलाच हसू फुटतं, आणि कुणी विचारलं तर मी पदर तोंडाला लावून काही नाही म्हणते.

तिला सहावा महिना संपत आला होता. दवाखान्यात गोड पाणी पाजून रक्त तपासलं, तर साखर वाढलेली निघाली. गरोदरपणातली साखर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर बहुतेक जाते, पण तोवर जपायचं, नाहीतर बाळ पोटात फार वाढतं आणि आईलाही त्रास होतो. मी हे ऐकलं आणि मला माझा धाकटा आठवला. तो झाला तेव्हा चार किलोच्या वर भरला होता. सगळ्यांनी पेढे वाटले, मला शाबासकी दिली. माझी साखर तेव्हा कुणी मोजलीच नव्हती.

आता मोजायची नवी सोय निघाली आहे. लेकीच्या डाव्या दंडाला, मागच्या बाजूने, रुपयाएवढी पांढरी चकती लावली. चकतीच्या पोटात केसासारखी तार असते, ती कातडीखाली जाऊन बसते. लावताना टक असा आवाज झाला. लेकीने डोळे मिटले होते, ते उघडले तोवर काम झालं होतं. मग चौदा दिवस ती चकती दर थोड्या वेळाने साखर मोजणार आणि आकडा फोनवर पाठवणार. जावयाने विचारलं, आकडा अजून कुणाच्या फोनात दिसायला हवा. लेक म्हणाली, आईच्या. विहीणबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की मी घरातच असते, मला फोन कशाला हवा.

विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. जन्मभर कर्जतच्या शाळेत शिकवलं, आता मुलाजवळ शेलूला राहतात. माणूस वाईट नाही, पण त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं की मला वाटतं, आता पाढे म्हणायला सांगणार. लग्नात मी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले होते आणि त्यातलं एक "या" होतं.

त्या दिवशी दवाखान्यात ठरलं ते असं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मी आतली खोली चुन्याने रंगवून ठेवली होती, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती, अळीव आणि डिंक डब्यात भरला होता. विहीणबाईंचं म्हणणं, साखरेचं दुखणं आहे, सून आमच्या नजरेसमोर राहू दे. डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे बघितलं आणि सांगितलं, चौदा दिवसांचा आलेख बघू. खाण्यापिण्याने आणि चालण्याने साखर हिरव्या पट्ट्यात राहिली, तर इंजेक्शन लागणार नाही आणि आईकडे जायलाही हरकत नाही, कर्जतला दवाखाना जवळच आहे. नाही राहिली, तर इंजेक्शन सुरू आणि मुक्काम शेलूलाच.

म्हणजे माझी लेक घरी येणार की नाही, हे त्या रुपयाएवढ्या चकतीवर आलं.

फोनात दोन आडव्या रेघा होत्या. खालची त्रेसष्टची, वरची एकशे चाळीसची, मधला पट्टा हिरवा. आकड्याशेजारी एक बाण. बाण आडवा असला की जीव थंड. वर चढला की तिने काहीतरी खाल्लं. खाली आला की ती चालायला गेली असणार. मी फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा ठेवायची आणि भाकरी उलटताना एक नजर टाकायची. रिसॉर्टला तांदळाच्या भाकऱ्या मीच करते. आमच्यात अजून दोघी आहेत. एक डोंगरावरच्या वाडीतली मावशी, मसाले वाटते आणि मासळी साफ करते. दुसरी भाजी चिरणारी, वयाने माझ्या लेकीएवढी, तिला सगळे धाकटीच म्हणतात. पहिल्या दिवशी मी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्यांदा भाकरी करपवली तेव्हा मावशीने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि विचारलं, फोनात कोण हाय. मग सांगावं लागलं.

त्यानंतर आम्ही तिघी मिळून बघायला लागलो.

"किती गं?"

"एकशे अठरा."

"बाण?"

"आडवा."

"मंग थाप गपचूप."

तिने काय खाल्लं असेल यावर पैजा लागायच्या. धाकटीचा अंदाज पहिल्यांदा चुकायचा, मग बसायला लागला. पोह्यांनी आकडा उडी मारतो हे आम्हाला तीन दिवसांत कळलं. भाताने तर विचारूच नका. ज्या भातावर आम्ही सगळ्या वाढलो, त्याने साखर अशी चढायची की मावशी हात जोडायची. नाचणीची भाकरी आणि मोड आलेली मटकी असली की बाण शहाण्यासारखा राहायचा. त्यात जेवणानंतर ती अर्धा तास चालली, तर आकडा आपोआप खाली. दुपारी आकडा उतरायला लागला की धाकटी पाय आपटत चालून दाखवायची, जशी काही तीच लेकीला चालवते आहे.

एकदा संध्याकाळी चार वाजता, जेवणाची ना चहाची वेळ, बाण एकदम वर. मी बाहेर जाऊन फोन केला. काय खाल्लंस विचारलं. काही नाही म्हणाली. मी म्हटलं, आकडा एकशे छप्पन आहे. पलीकडून हळू आवाजात, "आई, अर्धा आंबा." मी विचारलं, आणि उरलेला अर्धा कुठं आहे. तर म्हणे, तोच खातेय. आम्ही दोघी फोनवर अशा हसलो की मला भिंतीला टेकावं लागलं. आधी कधी आम्ही रोज बोलत नव्हतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीला रोज फोन काय करायचा, सासरचे काय म्हणतील, म्हणून मी आठवड्यातून एकदा करायची. आता आकडा होताच निमित्ताला.

आठ दिवस उत्तम गेले. आंब्याचा डोंगर सोडला तर सगळं हिरव्यात. मी मनातल्या मनात तिची गादी कुठे घालायची तेही ठरवलं.

नवव्या दिवशी दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकली होती. आम्ही तिघी मागच्या ओट्यावर ताटं घेऊन बसलो. पहिला घास हातात, तोच फोन बोंबलायला लागला. तसा आवाज त्याने याआधी काढला नव्हता. बघते तर पडदा लाल. चोपन्न, बाण खाली.

लेकीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. जावई ऐरोलीला कामावर, त्याचाही बंद. राहिल्या विहीणबाई. मी त्यांना आपणहून कधीच फोन केला नव्हता. माझं बोट त्यांच्या नावावर येऊन अडलं, शेवटी मावशीनेच ते दाबलं. घंटा वाजत राहिली. नंतर कळलं, त्या इमारतीतल्या बायकांबरोबर तळमजल्यावर भजनाला बसल्या होत्या आणि फोन घरात होता.

"एकावन्न," धाकटी म्हणाली.

मावशीच्या वाडीत एकदा साखर उतरून एक म्हातारा शेतात पडला होता, ते ती सांगायला लागली आणि धाकटीने तिच्या तोंडावर हात ठेवला. रिसॉर्टचा भाजीचा टेंपो नेरळला निघाला होता. मी पुढे, मावशी आणि धाकटी मागे, अशा बसलो. कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्या मुठीत गुळाचा खडा, धाकटीजवळ कोकम सरबताची बाटली, आणि मावशीने पाहुण्यांच्या जेवणातलं उरलेलं श्रीखंड पातेल्यासकट मांडीवर घेतलं होतं. टेंपोवाल्याला सांगितलं, नेरळला थांबू नको, सरळ शेलू. त्याने कारण विचारलं. मी नुसता फोन दाखवला. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने टेंपो असा हाकला की मागून मावशीचा आवाज आला, "रं बाबा, श्रीखंडाला जपून."

एका वळणावर रेंज गेली. आकडा एकोणपन्नासवर अडकून बसला. नेरळ येईपर्यंत मी त्या एकोणपन्नासकडे बघत होते आणि सगळ्या देवांना हाका घालत होते, ज्यांची नावं येत होती त्यांना आणि येत नव्हती त्यांनाही. रेंज आली तरी आकडा पन्नासच्या खालीच होता.

इमारतीच्या फाटकात वॉचमनने वही पुढे केली. नाव, कुणाकडे, येण्याचं कारण. धाकटीने कारणाच्या जागी "साखर" लिहिलं आणि आम्ही आत घुसलो. लिफ्ट वर अडकली होती. चार मजले चढलो. डोक्यावर अजून स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या टोप्या, हात पिठाने पांढरे. मी दार दोन्ही हातांनी बडवलं.

दार उघडलं ते लेकीने. केस मोकळे, एका गालावर उशीच्या वळ्या, जांभई अर्धी तोंडात. ती "आई" म्हणायला गेली आणि तेवढ्यात मी गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला. धाकटीने सरबत लावलं. मावशीने श्रीखंडाचं बोट. बिचारीला नको म्हणायला जागाच नव्हती. तिने गिळलं, आणि मग विचारलं की काय झालंय, कोण गेलं.

त्याच वेळी मागे पावलं वाजली. विहीणबाई वर आल्या होत्या, त्यांच्या मागे भजनाच्या चार-पाच बायका, हातात टाळ. सगळ्या उभ्या राहून बघायला लागल्या. सुनेच्या ओठांवर श्रीखंड, आणि समोर टोप्या घातलेल्या तिघी.

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, आकडा बघितला, सुनेला विचारलं, डाव्या कुशीवर झोपली होतीस का. लेकीने मान हलवली. डॉक्टरीणबाईंनीच डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं, आणि फोन तिने आवाज बंद करून उशीखाली ठेवला होता.

"चकती डाव्या दंडाला आहे, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "दंड अंगाखाली दबला की आकडा खोटाच खाली पडतो. पत्रकात लिहिलंय. शंका आली तर बोट टोचून बघायचं, तेही लिहिलंय."

पत्रक शेलूला होतं. मी कळंबला होते. तरी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

फोन त्यांच्याच हातात होता आणि आता आकडा खरा झाला होता. शंभर. एकशे पंचवीस. गूळ, सरबत आणि श्रीखंड मिळून कामाला लागले. बाण सरळ आभाळाकडे. एकशे अठ्ठेचाळीस झाल्यावर विहीणबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊच झाला. "माया खूप आहे तुमच्याकडे, मला दिसतंय ते. पण याच भीतीने मी म्हणत होते. बाळंतपण इथंच होऊ दे."

चुन्याने रंगवलेली खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. मी आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते. तिथे भजनाच्या बायका होत्या, विहीणबाई होत्या, माझ्या डोक्यावर ती टोपी होती. आणि माझ्याच तोंडातून माझाच आवाज बाहेर पडला.

"आकडा अजून चढणार आहे, बाई. आधी तिला चालवू या. मग बोला काय बोलायचं ते."

मी लेकीचा हात धरला आणि जिन्याकडे निघाले. लिफ्ट आता आली होती, तर मावशी आत जायला तयार नव्हती. शेवटी लेक आणि विहीणबाई लिफ्टने, आम्ही बाकीच्या जिन्याने, असं सगळं लटांबर खाली उतरलं.

खाली गाड्या लावायची मोकळी जागा आहे, खांबांची, सावलीची. तिथे आम्ही गोल चालायला लागलो. लेक मधोमध, मी एका बाजूला, विहीणबाई दुसऱ्या. दोन फेऱ्या गपचूप झाल्या. मग भजनातल्या एका जाड्या बाईने चालता चालता टाळ वाजवला, सवयीने असेल. मावशीला तेवढं पुरलं. तिने वाडीवरचं फेराचं गाणं धरलं, धाकटीने टाळ्या दिल्या, आणि शब्द येत नसतानाही शेलूच्या बायका पाठीमागून ओढायला लागल्या. गाणं एका जागी अडलं. मावशीला पुढचं आठवेना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, का ते मला अजून कळलेलं नाही. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते म्हटलं:

"उतर गं साखरबाई, उतर जिन्याने,
लिफ्टची वाट नको बघू, चल पायाने."

लेकीला एवढं हसू आलं की तिने खांब धरला. हसवू नको म्हणाली, आत लाथा मारतंय. मग तर मला चेवच आला. मी अजून दोन ओळी जोडल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, त्यात श्रीखंडाला शिव्या होत्या.

फोन आता धाकटीकडे होता. ती प्रत्येक फेरीला आकडा ओरडून सांगत होती. एकशे एकाहत्तर. पुन्हा एकशे एकाहत्तर. बाण आडवा. एकशे सहासष्ट, आणि बायकांनी टाळ वाजवले. वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला आणि किती झाले विचारायला लागला. टेंपोवाला आधीच आत येऊन आमच्या मागून चालत होता, भाजीचं विसरून. एकशे चोपन्न. चालण्याचा वेग वाढला तशी विहीणबाईंना धाप लागली, पण त्या थांबेनात. त्यांची वेणी सुटली होती. एकशे त्रेचाळीसवर आकडा बराच वेळ अडून बसला, तेव्हा त्यांनीच हात वर करून टाळी दिली आणि म्हणाल्या, चला, अजून एक फेरी, कुणी बसायचं नाही.

एकशे एकोणचाळीस.

काय गलका झाला ते सांगता येत नाही. विहीणबाई एका स्कूटरच्या सीटवर बसल्या आणि चष्मा पुसत हसत राहिल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी घरून पाणी मागवलं. सगळ्यांनी घेतलं. मी घेतलं नाही. नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला कोरड पडली होती, पण काय करणार. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि उठून वॉचमनच्या टेबलावरची बाटली घेऊन आल्या.

"हे पाणी वॉचमनचं आहे," त्या म्हणाल्या. "मुलीच्या घरचं नाही. प्या आता."

मी सगळी बाटली संपवली.

पण बाळंतपणाचं त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. मला वाटलं, तो विषय त्यांच्या मनात ठरलेला आहे. पाच दिवस मी आकडे बघत राहिले, सगळे हिरवे, तरी भाकऱ्या करपतच होत्या.

चौदाव्या दिवशी चकती काढली आणि आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या पडद्यावर आलेख लावला. रोजच्या छोट्या छोट्या टेकड्या, हिरव्यात बसलेल्या, आणि नवव्या दिवशी एक खोल खड्डा, त्याला लागून कडा. त्यांनी पेनने तिथे टेकवलं आणि विचारलं, इथे काय झालं होतं. मी फरशीकडे बघत बसले. आता विहीणबाई सांगणार आणि संपणार.

"तो खड्डा कुशीचा," विहीणबाई म्हणाल्या, "आणि तो कडा आमच्या विहीणबाईंच्या मायेचा. दोन्ही सोडून बाकीचं बघा."

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. चकतीवर झोपलं की असं होतं, म्हणाल्या, आणि औषध चालू नसताना साखर सहसा एवढी उतरतही नाही, पुढच्या वेळी आधी माणसाकडे बघा, मग फोनकडे. बाकीचा आलेख त्यांना पसंत पडला. इंजेक्शन सध्या नको. खाणं असंच, चालणं असंच, बोट टोचून तपासणी चालू ठेवायची. आठव्या महिन्यात आईकडे जायला हरकत नाही, फक्त कर्जतला दर आठवड्याला दाखवायचं. मग त्यांनी विहीणबाईंना विचारलं, तुम्हाला चालेल ना.

"चालेल," विहीणबाई म्हणाल्या. "पण मीपण जाणार. यांच्याकडे गाणारी माणसं आहेत, पत्रक वाचणारं कुणीतरी हवं."

लेकीने माझ्या हाताला चिमटा काढला. मी "या की" म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला घर आठवलं. एक पंखा. एक खाट. पहाटे ओरडणारा कोंबडा, आणि अंघोळीला गेले की मोठ्याने गाणारे आमचे हे. दवाखान्याच्या पायरीवर येऊन मी त्यांना फोन लावला. लेक येतेय, सांगितलं. त्यांना किती आनंद झाला ते फोनवरच कळत होतं. मग सांगितलं, विहीणबाईपण येणार आहेत, राहायला.

त्यांनी हळूच विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "ते आता बाळ ठरवेल," आणि मागे विहीणबाई उभ्या आहेत हे माहीत असूनही मला हसू आवरलं नाही.